तुळजाबाईंचं माहेर

लातूर, २१ सप्टेंबर

आदरणीय राजकन्याताई,

तुमच्या आईचं माहेर कोणतं, या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. ज्या बाईचं चरित्र मी लिहायला घेतलं आहे तिच्याबद्दलची ही साधी गोष्ट मला माहीत नाही, म्हणून तुम्हाला लिहीत आहे.

तुम्ही मला ओळखत नाही. मी दीपमाला, मारोती शिपायाची मुलगी. आमचं घर नायगावचं. वडील तुमच्या भावाच्या, म्हणजे आमदार बालाजीरावांच्या कॉलेजात आहेत. मी लातूरला राहून मराठी घेऊन बी.ए. केलं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. सध्या इथल्या एका क्लासच्या वाचनालयात काम करते. डिसेंबरात तुमच्या आईचं वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी कॉलेजच्या आवारात, त्यांना अग्नी दिला त्या जागेवर बांधलेल्या स्मृतिस्थळाचं उद्घाटन होणार आहे. तेव्हाच त्यांच्यावरचा स्मृतिग्रंथ निघेल. तो मी लिहावा असं साहेबांनी सांगितलं. ग्रंथ झाला की कॉलेजच्या ग्रंथालयात मला कायमची जागा मिळेल असं त्यांचे पीए आदर्श सर म्हणाले. हे तुम्हाला आधीच सांगितलेलं बरं.

आदर्श सरांनी माहेरचं प्रकरण लिहूनच दिलं होतं. ‘आईसाहेबांचा जन्म हदगाव तालुक्यातील एका मातब्बर घराण्यात झाला.’ मला वाटलं, घर तरी बघून यावं. नांदेडहून बसनं हदगाव आणि पुढं ऑटोनं गेले. मोठं घर, दारात दोन ट्रॅक्टर. घरच्या उमाबाई, ज्यांना साहेब मामी म्हणतात, त्यांनी ओटीवर बसवलं. मी विचारलं, “तुळजाबाई लहानपणी कुठं खेळायच्या ते दाखवता का?”

त्या खो खो हसल्या. “खेळायच्या? अगं माय, त्या हितं पहिल्यांदा आल्या तवा त्यांचे गुडघे गेले व्हते. चौघांनी धरून गाडीतून उतरवलं. राखी बांधली, फोटो काढले, गेल्या.”

आतून त्यांचे मालक ओरडले, “उमे, चहा आण!”

“चहाच आणून राहिले,” त्या उठता उठता म्हणाल्या. “बोलायचं काम तर ह्यांचंच हाय.”

म्हणजे हे मानलेलं माहेर. मग खरं कोणतं? पुढच्या निवडणुकीला साहेब हदगावकडून उभे राहणार अशी बोलवा आहे, आणि तिकडच्या सभांत ते ‘मी तुमचा भाचा’ म्हणतात. त्याचे रील मी पाहिले आहेत. पण मला वाटतं, कुणी तरी गैरसमजानं लिहून दिलं असेल आणि साहेबांनी वाचलं नसेल. त्यांना दाखवलं की ते दुरुस्त करतील.

अंत्यविधीच्या दिवशी तुमचं आणि साहेबांचं काही झालं आणि तुम्ही तशाच निजामाबादला निघून गेलात, एवढंच मला ठाऊक आहे. तुमचा फोन लागतो, पण नायगावहून बोलते म्हटलं की कट होतो. पत्ता तुमच्या शाळेतल्या मैत्रिणीनं, मनिषाकाकूंनी दिला. त्यांच्यावर रागावू नका.

तुमची,
दीपमाला


नायगाव, ८ ऑक्टोबर

आदरणीय राजकन्याताई,

तुमचं उत्तर नाही, पण पाकीट परतही आलं नाही. त्या भरवशावर लिहीत आहे.

मनिषाकाकू म्हणाल्या, “तुळजाकाकूंचे गुडघे गेल्यापासून दर भाऊबीजेला एक माणूस यायचा, खांद्यावर धोतराचं गाठोडं. त्याला विचार.” शेतावरच्या आखाड्याचा पत्ताही त्यांनीच दिला. काल मी तुमच्या रामकिशन मामांना भेटले.

शेतातला आखाडा. गोठ्याला लागून पत्र्याची एक खोली, पुढं चूल. मामा बाजेवर होते. छाती भाता ओढल्यासारखी वाजत होती. पंचफुलामामी सरकीची ढेप फोडत होत्या. मी माहेर विचारलं तर मामा हसायला लागले आणि मग खोकायला.

“माहेर? आमचं माहेर दर पाडव्याला बदलायचं, पोरी. बाप सालगडी. गुढीपाडव्याला साल संपलं की भांडी गाडीत टाकायची न् दुसऱ्या मालकाच्या आखाड्यावर. अक्का जलमली एका आखाड्यावर, चालायला लागली दुसऱ्यावर. लगीन तिसऱ्याच मालकाच्या वट्यावर लागलं. आता कोणत्या गावाचं नाव सांगू?”

“दाजी दुसरेपणाचे,” मामी म्हणाल्या. “जमीनवाले, पन पहिली मेलेली. म्हनून हुंडा न घेता केली. न्हाई तर सालगड्याची पोरगी त्या घरात कशाला जाती?”

भाऊबीजेचं त्यांनी सांगितलं ते तुम्हाला ठाऊकच असेल, तरी लिहिते, कारण माझ्या मनातून ते जात नाही. पाडव्यानंतर बाजारात कुणी ओळखीचं भेटलं की मामा सांगावा धाडायचे, ‘अक्का, औंदा माहेर चिंचेच्या विहिरीपाशी हाय.’ त्या सांगाव्यावर अक्का यायची. एका वर्षी सांगावा पोचलाच नाही. मामांनी दिवस मावळेपर्यंत वाट बघितली. अक्का गेली होती जुन्या आखाड्यावर. तिथं नवा सालगडी. त्याच्या बायकोनं दारात उभ्या असलेल्या बाईला विचारलं, कोण? ही म्हणाली, माझं माहेर हाय हितं. त्या बाईनं तिला आत घेतलं. तिनं न्हाऊ घातलं, जेवू घातलं, आपल्या नवऱ्याला पाटावर बसवून ओवाळून घेतलं आणि जाताना घडी न मोडलेली चोळी दिली.

“अक्का मरोस्तर म्हनायची,” मामा म्हणाले, “लोकायला एक माहेर असतंय, मला दोन झाले.”

निघताना गोठ्यात माझं लक्ष वर गेलं. आढ्याला प्लास्टिकची पिशवी टांगलेली, आत हिरवट कापड. मी विचारलं. मामींनी ढेप फोडणं थांबवलं.

“त्यांच्या अक्काचं पातळ हाय ते. माहेरचं पातळ अंगावर पडल्याबिगर बाईला उचलत न्हाईत ना, म्हनून हे घेऊन गेलते. कालेजाच्या गेटावरूनच लावून दिलं. माहेरचं आलंय म्हनले, तुमचं कशाला? आलेत तसे माघारी.”

“मग ते इथं…”

“काय करू? मढ्यासाठी घेतलेलं कापड घरात ठेवत न्हाईत. नेसता येत न्हाई, कुणाला देता येत न्हाई, दुकानदार परत घेत न्हाई. बैलाच्या डोक्यावर टांगलं. बैलाला सुतक नसतं.”

“तू गप,” मामा म्हणाले. “अक्काचं हाय. अक्काच्या अंगावरच जाईल.”

गेटावरचा माणूस कसा दिसत होता, तेही मामांनी सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही.

तुमची,
दीपमाला


नायगाव, २६ ऑक्टोबर

राजकन्याताई,

तुमचा फोन आला. तुम्ही म्हणालात, “मामाचं नाव पुस्तकात येऊ दे. बाकी माझं काही नको,” आणि फोन ठेवून दिलात. मी मागून “हो” म्हटलं, ते तुम्हाला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

आता गेटचं लिहिते. खाकी शर्ट, डाव्या भुवईवर जुनी खोक. तो माणूस माझा बाप आहे. मामांनी वर्णन केलं तेव्हा मी मान खाली घालून चहा पीत होते, आणि त्यांना माझ्या बापाचं नाव अजून माहीत नाही.

घरी येऊन विचारलं तर बाबा म्हणाले, “आदर्श सरायनं सांगितलं व्हतं, माहेरचे लोक आत गेलेत. आता कुणी माहेरचा म्हनून आला तर सोडायचा न्हाई. मी नोकर माणूस. मी काय म्हाताऱ्याला मारलं का? हात जोडून म्हनलो, बाबा, जावा.” थोड्या वेळानं म्हणाले, “राजकन्याबाई पळत आल्या मागून, अनवाणी. तवर म्हातारा रस्त्याला लागला व्हता.” मग आई म्हणाली, “पोरीला कशाला सांगून राहिलात हे,” आणि ते उठून बाहेर गेले.

परवा साहेबांनी मला बंगल्यावर बोलावलं. मी माहेरचं प्रकरण नव्यानं लिहून दिलं होतं, मामांचं नाव घालून. मला वाटलं होतं, त्यांना माहीत नाही. मी किती वेडी आहे.

त्यांनी सगळं वाचलं, चष्मा काढला. “ती भाऊबीज,” ते म्हणाले. “त्या दिवशी मी होतो आईच्या बोटाला. तू लिहिलंयस, त्या बाईनं जेवू घातलं. हो, घातलं. आई हसत हसत जेवली. मी रडून राहिलो होतो. आपण चुकलोय, हे आपलं नाही, हे लोक आपले कुणी नाहीत, हे मला कळत होतं आणि आईला कळत नव्हतं. तो घास माझ्या अजून इथं आहे.” त्यांनी गळ्याला हात लावला.

मी म्हटलं, “साहेब, हेच तर लिहायला पाहिजे.”

“तू शिकलेली पोरगी आहेस, दीपमाला. मला आई सालगड्याची लेक होती याची लाज नाही. पण लोक भाच्याला मत देतात, सालगड्याच्या नातवाला नाही. सालगड्याचं गाव कोणतं? कोणत्या गावात जाऊन मी म्हणू, हे माझं आजोळ? सांग. गाव सांग, मी उद्या जातो.”

मी माझंच पान पुन्हा चाळलं. त्यात गावाचं नाव नव्हतं.

“मामाला मी घर बांधून देतो म्हटलं होतं,” ते म्हणाले. “घेतलं नाही. म्हणाले, तुझ्या मायचं पातळ आधी घे. आता ते पातळ घेतलं की हदगावचं खोटं ठरतं. कळतंय का तुला?”

जुनंच प्रकरण ठेवायचं ठरलं. ठरवताना मला विचारलं नाही. आदर्श सरांनी बाहेर येऊन नेमणुकीचा आदेश माझ्या हातात ठेवला. “अभिनंदन, मॅडम,” म्हणाले. मॅडम मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. खोटं सांगत नाही, बरं वाटलं. घरी आईनं तो आदेश देवापुढं ठेवला.

भाऊबीजेला मी आखाड्यावर गेले होते. मामांना उठवत नव्हतं. तरी त्यांनी मामींना अंगणात पाट मांडायला लावला आणि तो रिकामाच राहिला.

दीपमाला


लातूर, १९ नोव्हेंबर

राजकन्याताई,

मनिषाकाकूंनी कळवलं असेलच. मामा गेले. दवाखान्यात नेईपर्यंतही राहिले नाहीत. आखाड्यावरून न्यायला ट्रॅक्टर मालकानं दिला. तुमच्या भावाकडून हार आला, माणूस आला नाही. तुम्ही का आला नाहीत, हे मी विचारणार नाही. गेटावर पोचायला उशीर झाला, तेव्हापासून तुम्ही स्वतःलाच गावाबाहेर ठेवलं आहे, असं मला वाटतं. चुकत असेन तर माफ करा.

मामी रडल्या नाहीत. सगळे गेल्यावर त्यांनी गोठ्याकडं बोट दाखवलं. “धनी गेला न् पातळ राह्यलं. हे घेऊन मी कुठं जाऊ? पाडव्याला मालक म्हनल, खोली रिकामी करा. लेक तर जावयाच्या घरी. ह्या कापडाला कोणत्या घरात घेऊन जाऊ सांग.”

मी पिशवी मागितली. त्यांनी दिली नाही. “तू कोण माहेरची? मी हाय अजून,” म्हणाल्या.

वर्षश्राद्धाला तुम्ही या, ताई. तुम्ही मामींचा हात धरून गेटातून आत आलात तर कुणी अडवणार नाही. माझ्या बापाची तर छातीच होणार नाही. हे पत्र मी त्यासाठीच लिहीत आहे.

दुसरं सांगायचं म्हणजे, पुस्तक छपाईला गेलं. इथल्या शिवलिंगअप्पांच्या छापखान्यात. शेवटचं प्रूफ बघायला मी बसले होते. माहेरचं प्रकरण आदर्श सरांचंच आहे, पण त्याच्या समोर एक पान कोरं राहत होतं. त्या पानावर मी ती भाऊबीज टाकली आणि शेवटी एक ओळ. अप्पांनी चष्म्यातून बघितलं.

“साहेबांनी वाचलंय का हे, बाई?”

“वाचलंय,” मी म्हटलं. ते खरंच होतं. बंगल्यावर वाचलं होतं.

“मग ठीक,” ते म्हणाले. “नाही तर आमच्या पोटावर पाय यायचा.”

त्यांच्या पोटावर पाय येईल याचा विचार मी बसमध्ये बसल्यावर केला. मोठ्या गोष्टीसाठी लहान माणसाला फसवायचं, हे मी कुणाकडून शिकले? तरी पान काढायला परत गेले नाही.

दीपमाला


नायगाव, १५ डिसेंबर

राजकन्याताई,

तुम्ही आला नाहीत. आदल्या दिवशी शेवटच्या गाडीपर्यंत मी बसस्टँडवर होते. काल काय झालं ते लिहिते. दुसऱ्या कुणाकडून आडवंतिडवं ऐकण्याआधी हे तुमच्यापर्यंत पोचावं.

पुस्तकाचे गठ्ठे कार्यक्रमाच्या आधीच कॉलेजात आले होते. आदर्श सरांनी चाळले आणि पान सापडलं. शिवलिंगअप्पांना फोनवर काय काय बोलले, ते शिपायांच्या खोलीपर्यंत ऐकू येत होतं. मला बोलावलं नाही. बाबांना बोलावलं. हातात ब्लेड आणि पट्टी दिली, आणि प्रत्येक प्रतीतलं तेवढं पान कापायला बसवलं.

मी बसस्टँडवरून परतल्यावर, रात्री उशिरा बाबा घरी आले तेव्हा अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली होती. पंचफुलामामी आमच्याच घरी होत्या, मी त्यांना सकाळीच घेऊन आले होते. पातळाची पिशवी बाहेर अंगणात टांगली होती. बाबांनी त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि भिंतीकडं तोंड करून बसले. बाबांना सही येते, बसची पाटी वाचता येते. पुस्तक वाचता येत नाही.

“काय व्हतं गं त्या पानावर?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. सगळं, चुकलेला सांगावा, जुना आखाडा, ओवाळणं. आई भाकरी थापायची थांबली होती.

“चोळी दिली म्हनलीस? त्या दुसऱ्या सालगड्याच्या बाईनं?” बाबा म्हणाले.

“हो.”

“वळख ना पाळख.”

“ओळख कुठली?”

“दारातून लावून देता आलं असतं की तिला.” त्या रात्री बाबा जेवले नाहीत. आई म्हणाली, “अंगठा ठणकतोय का?” ते चिंधी सोडून पुन्हा बांधत राहिले.

कॉलेजच्या कुंपणावरून पातळ आत टाकावं, यापलीकडं मला काही सुचलं नव्हतं. पहाटे बाबांनी मला हाक मारली. किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हातात होता. “म्हातारीला उठव,” म्हणाले.

गेट बाबांनीच उघडलं. मामी आत गेल्या, थांबल्या, आणि बाबांच्या तोंडाकडं बघत राहिल्या. भुवईवरची खोक त्यांनी ओळखली असणार, मामांनी इतक्यांदा सांगितलं होतं. मग त्या पुढं निघाल्या. स्मृतिस्थळावरचा तुमच्या आईचा पुतळा झाकलेला होता. खालच्या कट्ट्यावर मामींनी पिशवीतून पातळ काढलं, झटकलं. गोठ्यातला भुसा पडला. उभं अंथरलं, पदर नीट केला, वर हळद-कुंकू टाकलं. “घ्या वन्सं. उशीर झाला,” म्हणाल्या. वारं होतं, पदर उडायला लागला. बाबा इकडून तिकडून दगड घेऊन आले आणि चारी कोपरे दाबले. मग गेटावर जाऊन नेहमीसारखे उभे राहिले.

मला वाटलं, आता झालं. मामांचं म्हणणं पुरं झालं.

कार्यक्रमाला माणूस मावत नव्हतं. हदगावच्या दोन बस भरून आल्या होत्या. पुतळ्यावरचं कापड निघालं आणि खाली ते पातळ. आदर्श सर उचलायला वाकले. साहेबांनी त्यांना हातानं थांबवलं. पातळाकडं ते इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं, आता सांगतील. डोळ्यांत पाणी होतं, ते नाटक नव्हतं. मग त्यांनी माइक घेतला आणि म्हणाले, “हे बघा. माझ्या आजोळानं, हदगावच्या मातीनं, आज माझ्या आईला पुन्हा एकदा नेसवलंय.” टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत उमाबाई होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. पंचफुलामामी मागं बायकांत बसल्या होत्या. त्यांनी शेजारणीला विचारलं, “काय म्हनला बालाजी?” शेजारणीनं सांगितलं. मामींनी पदर तोंडावर घेतला. मामा गेले तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. काल रडल्या.

नंतर लेखिकेनं दोन शब्द बोलावेत म्हणून माझं नाव पुकारलं. पुस्तकावर माझंच नाव आहे ना. हातात प्रत होती. उघडली तर प्रकरणासमोर कापलेल्या पानाची कड, सरळ, पट्टी लावून कापलेली. बाबांचं काम स्वच्छ असतं.

मी गेटाकडं बघितलं. बाबा माझ्याकडंच बघत होते. त्यांनी मान हलवली नाही, हो पण नाही आणि नाही पण नाही. त्यांची नोकरी, माझी नोकरी, आईनं देवापुढं ठेवलेला कागद, सगळं मला दिसत होतं. काही दिसलं नाही म्हणून केलं, असं म्हणायची सोय मी ठेवत नाही.

मी पुस्तक मिटलं आणि ते पान तोंडपाठ म्हटलं. तुळजाबाईंना माहेरचं गाव नव्हतं, इथून सुरुवात केली. चोळीपर्यंत आले तेव्हा माइक बंद झाला. आदर्श सर माझा दंड धरून “मॅडम, बसा, बसा” म्हणत होते. साहेबांनी माझ्याकडं बघितलं नाही, ते पायांकडं बघत होते. मी थांबले नाही. माझा आवाज किती रांगांपर्यंत गेला, ते मला माहीत नाही. उमाबाईंपर्यंत गेला, कारण त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. मामी आणखी मागं होत्या.

निघताना आईनं शुभ म्हणून माझ्या पर्समध्ये घातलेला नेमणुकीचा आदेश मी उतरताना आदर्श सरांच्या खुर्चीवर ठेवला. आज बाबांना कामावर येऊ नका म्हणून निरोप आला. आई माझ्याशी बोलत नाही. शिवलिंगअप्पांकडं उद्या जाऊन मी तोंड दाखवणार आहे. पातळ कट्ट्यावर आहे की उचललं, ते बघायला मी गेले नाही.

तुम्ही फोनवर एकच गोष्ट मागितली होती. त्या पानाची शेवटची ओळ होती, ‘तुळजाबाईंच्या भावाचं नाव रामकिशन.’ ती मी म्हटली आहे.

दीपमाला